मोड न आलेले वाल

मनवेलपाड्याच्या रस्त्यावर, बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर, यमुना गेली एकोणीस वर्षं सोललेले वाल विकायला बसत होती. रोज संध्याकाळी सहाला ती कोपरीहून टोपली घेऊन येई आणि साडेसातला रिकामी टोपली काखेत मारून उठे. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून उबेला ठेवायचे, मोड आले की पुन्हा कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेका दाण्याची साल बोटांनी सोडवायची, एवढा उपद्व्याप करायला आता कोणाच्या घरी सवड उरली नव्हती. वालाच्या बिरड्याची, म्हणजे मोड आलेल्या उसळीची, हौस मात्र सगळ्यांना होती. त्यामुळे यमुनाचं बरं चाललं होतं.

हेमांगी चुरी तिचं जुनं गिऱ्हाईक. हेमांगीचं माहेर आगाशीकडचं, वाडीतलं. सासर याच रस्त्यावरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. नवरा मुंबईला विमा कंपनीत, घरात सासू जयवंती. स्वतः हेमांगी सातिवलीला एका बियाण्यांच्या कंपनीत बावीस वर्षं नोकरीला होती. भाज्यांचं, कडधान्यांचं बियाणं तिथे साफ होऊन, औषध लावून पिशव्यांत भरलं जायचं, आणि त्यातलं किती उगवतं हे तपासायचं काम तिच्याकडे होतं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी ती कामावरून येऊन रिक्षातून उतरली, तर यमुनाची टोपली जेमतेम अर्धी भरलेली.

"आज एवढेच, मावशी?"

"मोडच नाय आले, बाय. दोन दिस बांधून ठेवले. फुगले गरगरीत, पन कोंब म्हनून नाय. वास सुटला, बुळबुळीत झाले. अर्धे टाकून द्यावे लागले." यमुनाने कपाळाला घाम आला होता तो पदराने टिपला. "थंडी हाय ना यंदा."

थंडी होती, पण एवढी नव्हती, की घाम आलेल्या बाईने तिला दोष द्यावा. हेमांगीचं लक्ष यमुनाच्या बोटांकडे गेलं. अंगठा आणि पहिली दोन बोटं, म्हणजे ज्यांनी साल सोडवायची तीच बोटं, लाल झाली होती आणि त्यांचे पापुद्रे निघत होते.

"हे काय झालं?"

"पान्यात हात असतो दिवसभर. होतं." यमुनाने हात पदराखाली घेतले.

"वाल कुठून आणले?"

"त्या कोपऱ्यावरच्या गाळ्यातून. स्वस्त देतो. आता पन उद्या भिजवायला घेतले की." तिने शेजारची पिशवी दाखवली.

हेमांगीने त्यातले मूठभर कोरडे वाल मागून घेतले. का मागितले हे तिला त्या क्षणी नीट सांगता आलं नसतं. फुगले पण कोंब नाही, या एका वाक्याने तिच्या मनात काहीतरी टोचलं होतं. बाकी लोकांना वाटतं, बी पाण्यात टाकलं आणि ते फुगलं की जिवंत आहे. तसं नसतं. मेलेलं बीसुद्धा जिवंत बियाइतकंच पाणी पितं, तितकंच फुगतं, तितकंच टवटवीत दिसतं. पहिल्या दिवशी दोघांत फरक करता येत नाही. फरक कळतो तो दुसऱ्या दिवशी, जेव्हा जिवंत दाण्याची साल फाटून इवलंसं मूळ बाहेर येतं आणि मेलेला दाणा आतून नासायला लागतो.

घरी येऊन तिने पर्स ठेवली आणि ओट्यावरच्या दिव्याखाली पांढऱ्या ताटलीत ते वाल पसरले. पहिल्याच नजरेत तिला दिसलं, की साल सुरकुतलेली आहे. शेंगेतून निघून वाळलेला दाणा असा नसतो. तो तुळतुळीत असतो. हा दाणा एकदा वाळला होता, मग भिजला होता, फुगला होता आणि पुन्हा वाळवला गेला होता.

वालाच्या दाण्याला एका कडेने पांढरी रेघ असते. शेंगेला तो जिथे चिकटलेला असतो तिथली ती खूण. त्या रेघेच्या टोकाशी सुईने टोचल्यासारखं एक छिद्र असतं. जमिनीत पडलेल्या बियाला पाणी मिळतं ते आधी तिथून. हेमांगीने भिंग काढलं. पांढऱ्या रेघेच्या खाचेत, छिद्राभोवती, गुलाबी रंग साचलेला होता. सालीवरचा धुतला गेला होता, पण त्या बारीक फटीतून कोणाला काढता आला नव्हता.

तो रंग ती रोज बघायची. बियाण्याला बुरशीचं आणि किडीचं औषध लावतात तेव्हा त्यात मुद्दाम हा रंग मिसळतात, कोणी चुकून खाऊ नये म्हणून.

तिने सुरीने एक दाणा उभा चिरला. दोन डाळी बाजूला झाल्या. त्यांच्या कुशीत, एका टोकाला, उद्याचं रोप घडी घालून झोपलेलं असतं: दोन पानांची चिमूट आणि खाली वळलेलं मुळाचं टोक. इथे ते टोक तपकिरी पडून तुटलं होतं. दुसरा दाणा चिरला, तिसरा चिरला. सगळीकडे तेच. गुलाबी रंग सालीच्या आत डाळीपर्यंत उतरला होता. धुताना दाणा पाणी प्यायला आणि पाण्याबरोबर औषधही प्यायला, हे तिला पाटीवर लिहिल्यासारखं वाचता आलं.

"काय बघतेस एवढं?" जयवंतीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"वाल."

"रविवारी यमुनाकडून आणलेस ते काही चांगले नव्हते हो. तू दोन घास खाल्लेस, मीच सगळे संपवले. मग मळमळून आलं, हातपाय गार पडले. म्हटलं पित्त असेल, उगाच तुला कशाला सांगा."

हेमांगीने ताटलीवर झाकण ठेवलं, साबणाने दोनदा हात धुतले आणि सासूबाईंचे डोळे दिव्याकडे करून बाहुल्या पाहिल्या. हे औषध पोटात गेलं की त्या आकसतात. ठीक होत्या. मग घाईने जिना उतरून ती रस्त्यावर आली. पायरी रिकामी होती. यमुना कोपरीला राहते एवढंच तिला ठाऊक होतं. घर ठाऊक नव्हतं, फोन यमुनाकडे नव्हता. गाळ्याचं शटर अर्धं खाली होतं. उद्या संध्याकाळी सांगू, असं तिने ठरवलं. त्या एका विचाराचा तिला पुढे फार त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी सातिवलीला पोचताच ती नमुन्यांच्या कपाटाकडे गेली. प्रत्येक लॉटचा मूठभर नमुना पाकिटात घालून तीन वर्षं जपायचा, हा नियम. वालाचा सतरा नंबरचा लॉट तिला पाठ होता. आदल्या वर्षी औषध लावून विकायला पाठवलेला, दुकानांतून तसाच परत आलेला. नोव्हेंबरमध्ये तिने त्याची पुन्हा चाचणी घेतली होती. ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत चारशे दाणे मांडले, दहा दिवस थांबली आणि मोजले. शंभरात एक्केचाळीस उगवले. पंचाहत्तर हवे असतात. तिने ठळक अक्षरांत 'रद्द' लिहिलं होतं. औषध लावलेलं रद्द बियाणं जनावरालाही घालता येत नाही. ते नष्टच करायचं असतं.

कपाटात सोळा नंबरचं पाकीट होतं, अठराचं होतं. सतराच्या जागी बोटभर रिकामी फट होती.

गोदाम रॉबर्ट डाबरेच्या ताब्यात असे. नंदाखाल गावचा, साठीला आलेला माणूस. हेमांगीच्या आधीपासून इथे होता. ती गोदामात गेली तेव्हा तो टोपलीत काहीतरी भरून मागच्या दाराने निघाला होता.

"रॉबर्टदादा, सतराचा लॉट कुठे गेला?"

"गेला ना. गाडी आली होती." त्याने मान वर केली नाही.

टोपलीवर गोणपाट टाकलेलं होतं. त्याखालून एक पिवळी चोच दिसत होती. हेमांगीने गोणपाट उचललं. चार साळुंक्या होत्या, पाय वर करून पडलेल्या.

"कुठे सापडल्या?"

"गच्चीवर," रॉबर्ट म्हणाला. गोणपाट पुन्हा टोपलीवर ओढत म्हणाला, "रोज सापडतात, बाय. महिना झाला. मी मागे खड्डा करून पुरतो."

गच्चीवर जायला गोदामातून लोखंडी शिडी होती. वर निळ्या ताडपत्र्या गुंडाळून ठेवल्या होत्या. एकीची घडी तिने उलगडली, तर आतली बाजू गुलाबी झालेली. पाण्याच्या दोन मोठ्या टाक्या, एक झारा, आणि कोपऱ्यात फाडलेल्या बियाण्यांच्या पिशव्यांचा ढीग. प्रत्येक पिशवीच्या पाठीवर लाल अक्षरांत छापलेलं होतं: विषारी, खाण्यासाठी वापरू नये. खाली औषधांची नावं. गच्चीच्या फटींत सांडलेले वाल अडकले होते. एका फटीत मात्र, कुठूनसं पाणी आणि माती मिळून, सतरा नंबरातला एक दाणा रुजला होता. दोन जाड पानं वर काढून तो उन्हात उभा होता. त्याची पानं कडेने पिवळी पडलेली होती. हेमांगीने एक पिशवी घडी करून पर्समध्ये घातली.

शिडीच्या पायथ्याशी मालक उभा होता. जितेंद्र पस्तिशीतला, वडिलांची कंपनी चालवणारा. आवाज कधी चढवायचा नाही.

"मॅडम, गच्चीवर काय काम काढलंत?"

"सर, सतराचा लॉट नष्ट केला का?"

"केला की. तसा कागद आहे." तो हसला. "रॉबर्टची सही आहे त्यावर. साक्षीदार म्हणून तुमचीही आहे. डिसेंबरात फायलींचा गठ्ठा दिला होता ना तुम्हाला, त्यात होता. वाचलात ना?"

तिने वाचला नव्हता. बावीस वर्षांत असे कितीतरी गठ्ठे तिच्यासमोर आले होते.

"तुमचं काम उगवणीचं," जितेंद्र तितक्याच शांतपणे म्हणाला. "उगवत नाही म्हणून तुम्ही लिहिलंत. तिथे तुमचं काम संपलं. घरी सासूबाई असतात ना एकट्या दिवसभर? तब्येतीला जपा म्हणावं त्यांना."

ती अर्ध्या दिवसाची रजा लिहून निघाली. रिक्षात बसल्यावर तिने पर्समधली पिशवी चाचपून पाहिली. सासूबाईंची तब्येत बिघडली होती हे तिने कोणालाही सांगितलेलं नव्हतं. तो सहज बोलला होता की माहिती काढून, हे ठरवता येईना.

मनवेलपाड्यात त्या संध्याकाळी यमुना आली नाही. शेजारच्या फुलवाल्याने सांगितलं, तिला दुपारीच दवाखान्यात नेलं, सून आली होती सांगायला. शेजारच्याच गल्लीतला छोटा दवाखाना, वर दहा खाटा. यमुना शेवटच्या खाटेवर होती. अंगावरचं लुगडं घामाने भिजलेलं, तोंडातून लाळ गळत होती, श्वास घरघरत होता. सून ऋतिका पायाशी उभी राहून तळवे चोळत होती.

"काल काय खाल्लं होतं त्यांनी?" हेमांगीने विचारलं.

"वाल. मोड आले नव्हते ते टाकायचे म्हनत होती, पन मन होईना. उसळ केली स्वतःपुरती. आमाला नाय दिली, म्हने वास येतोय, तुमी खाऊ नका." ऋतिका रडू लागली. "आज सकाळी पन तीच खाल्ली."

डॉक्टर ज्ञानदा नावाची तरुण मुलगी होती. शिळ्या अन्नाने झालेली विषबाधा समजून तिने सलाईन लावली होती. हेमांगी तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "मॅडम, यांच्या बाहुल्या बघा."

डॉक्टरने पापणी उचलून बॅटरी मारली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. हेमांगीने पर्समधली पिशवी काढून पुढे धरली. ज्ञानदाने पाठीवरची औषधांची नावं एकदा वाचली, पुन्हा वाचली, आणि नर्सला हाक मारताना तिचा आवाज बदलला. पुढचा तास खाटेभोवती नुसती धावपळ होती. सुया, नळी, मोठ्या रुग्णालयाची गाडी. गाडीत चढवताना यमुनाने डोळे उघडले, पण तिला समोरचं दिसत नव्हतं. "कोन हाय?" एवढंच तिने विचारलं.

ती वाचली. अकरा दिवसांनी घरी आली. बोटांची आग मात्र थांबली नाही, आणि वस्तू हातातून निसटू लागल्या. टोपली घेऊन ती पुन्हा बसली नाही.

यमुनाला हलवलं त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या खाली हेमांगीला रॉबर्ट दिसला. स्कूटरला टेकून उभा होता. हेमांगीला शोधत तो मनवेलपाड्यात आला होता आणि फुलवाल्याकडून त्याला सगळं कळलं होतं.

"चाळीस गोणी होत्या, बाय," तो म्हणाला. "मीच धुतल्या, मीच वाळवल्या. सर म्हणाले, पाण्याने जातं औषध, माल फुकट जाळायचा कशाला. मला वाटलं जात असेल. मग साळुंक्या मरायला लागल्या. पहिली साळुंकी मेली त्याच दिवशी कळलं होतं मला. खोटं कशाला बोलू? पोरीचं लग्न तोंडावर होतं, गप्प बसलो."

"कुठे गेल्या गोणी?"

"नऊ या कोपऱ्यावरच्या गाळ्यात. बाकीच्या टेम्पोतून गेल्या. कुठे ते ड्रायव्हरला ठाऊक, आणि तो गावी पळाला."

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून पोलीस चौकीत गेले. हेमांगीने ताटलीतले वाल, फाटकी पिशवी आणि स्वतःची जुनी चाचणीची वही टेबलावर ठेवली. रॉबर्टने सगळं सांगितलं आणि खाली सही केली. अधिकारी आले, गाळ्यातल्या गोणी सील झाल्या. नऊपैकी सहाच उरल्या होत्या. सातिवलीची गच्ची धुऊन काढलेली सापडली, ताडपत्र्या गायब होत्या. जितेंद्रने नष्ट केल्याचा कागद पुढे केला आणि म्हणाला, माल परस्पर विकला असेल तर या दोन सह्यांनी विकला असेल. तपास सुरू झाला तो असा, की हेमांगीला आणि रॉबर्टला दर सोमवारी हजेरी लावायला सांगितलं गेलं आणि जितेंद्र गाडीत बसून घरी गेला. दोघांचीही नोकरी अर्थातच गेली.

नवरा म्हणाला, "तू तुझ्यापुरतं केलंस. आता सोड."

तिला ते सुटेना. बी स्वतः चालत नाही. वारा त्याला नेतो, पाणी नेतं, गुराच्या केसांत अडकून ते जातं, पाखराच्या पोटातून कुठल्या कुठे पडतं, आणि पडेल तिथे वाट बघत बसतं. वाडीत लहानपणी वडील दाखवत, तेव्हा तिला त्याचं कौतुक वाटे. आता एकतीस गोणी कोणाच्या तरी टेम्पोतून अशाच गेल्या होत्या. वाल वर्षभर टिकतात. लोक ते डब्यात भरून ठेवतात, लेकीला देतात, पाहुण्याच्या पिशवीत घालतात. आज विकत घेतलेला दाणा गणपतीतही शिजू शकतो.

तिने एक कागद छापून घेतला. वालाच्या दाण्याचं चित्र, पांढऱ्या रेघेत गुलाबी रंग कुठे बघायचा त्याचा बाण, आणि खाली: भिजवल्यावर फुगले पण दोन दिवसांत मोड आले नाहीत, तर खाऊ नका, या नंबरवर कळवा. नंबर तिचा स्वतःचा होता. रॉबर्टच्या स्कूटरवर बसून दोघं बाजारांना जाऊ लागली. गोखिवरे, सातिवली, वसईचा बाजार, मग महामार्गाच्या पलीकडचे आठवडी बाजार. दुकानदार वैतागत. काही कागद फाडून टाकत. काही मात्र मुठीत वाल घेऊन उजेडात बघत, आणि त्यांचा चेहरा उतरलेला दिसला की रॉबर्ट स्कूटर बंद करून खाली उतरे. महिन्याभरात त्यांना अशा अकरा गोणी सापडल्या, अर्ध्या-पाऊण रिकाम्या.

फोन येत. बहुतेक नुसत्या शंका असत. जुने वाल, कीड लागलेले वाल, कोणाचं फडकं कोरडंच राहिलेलं. प्रत्येकाला हेमांगी रंग बघायला लावी आणि रंग नाही म्हटल्यावर श्वास सोडी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी साडेदहाच्या सुमारास, एक अनोळखी नंबर आला. बाईचा आवाज होता, घाबरलेला नव्हता, जरा लाजल्यासारखाच होता.

"तुमचा कागद आहे ना तो, वालांचा? आमच्या बाजारात चिकटवलाय. आत्ता वाचला."

"बोला ताई. कुठून बोलताय?"

बाईने वाड्याकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. "आमचे पण वाल असेच फुगले, मोड काही आले नाहीत. साल काढली, तर हात जरा गुलाबी झाले. विचारायचं होतं, फेकायचे का?"

"फेकू नका, तसेच बाजूला ठेवा, कशाला हात लावू नका. कोणी खाल्ले तर नाहीत ना?"

पलीकडे भांड्यांचा आवाज आला, मग कोणीतरी दोघं-तिघं एकदम बोलल्याचा.

"काल आमच्याकडे हळद होती," बाई म्हणाली. "गावजेवण होतं. तीनशे-साडेतीनशे माणूस जेवून गेलं असेल. सकाळपासून दोन-चार जणांना उलट्या होतायत, पण लग्नघरात तेवढं होतंच ना?"

हेमांगीने घराची खूण आणि जवळचं सरकारी रुग्णालय एका दमात विचारून घेतलं, जेवलेल्या प्रत्येकाला आत्ताच्या आत्ता तिकडे न्यायला सांगितलं, पिशवीच्या पाठीवरची, तिला आता पाठ झालेली औषधांची नावं एकेक अक्षर करून लिहून घ्यायला लावली. बाई लिहीत होती. मध्येच तिचं लिहिणं थांबलं.

"ताई?" हेमांगी म्हणाली. "ताई, आहात ना?"

फोन चालूच होता. पलीकडे कोणीतरी कोणालातरी हाका मारत होतं, आधी हळू, मग जोरात. हेमांगीने फोन तसाच कानाशी धरला आणि दुसऱ्या हाताने सासूबाईंचा फोन उचलून रॉबर्टचा नंबर लावला.